चार कागद, एकच उत्तर

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं, आणि तळ्याला मातीचा जुना बांध. गावच्या शाळेत पंतोजी एकटेच शिकवत. पहिलीपासून चौथीपर्यंतची सगळी पोरं एकाच ओसरीवर बसायची.

एका वर्षी थंडी सरायच्या आतच तळ्याचं पाणी भराभर उतरू लागलं. पाटील शाळेत आले. म्हणाले, "पंतोजी, पाणी जातंय कुठे? तुमच्या पोरांना जरा शोध घेऊ द्या की."

पंतोजींना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी चार गट पाडले. प्रत्येक गटात प्रत्येक इयत्तेतलं एकेक मूल. "लहानमोठे मिळून बघा, मोजा, लोकांना विचारा," त्यांनी सांगितलं. "आठ दिवसांनी प्रत्येक गटाने आपला कागद आणायचा."

आठ दिवस पोरं बांधावरून हिंडली. नवव्या दिवशी चावडीवर चारही कागद वाचले गेले. चारही कागदांत एकच लिहिलं होतं: यंदा ऊन जास्त आणि गुरं जास्त, म्हणून पाणी कमी. अक्षर सुरेख, एकही काना-मात्रा चुकलेली नाही.

पंतोजींची छाती फुगली. "चार गटांनी वेगवेगळा शोध घेतला आणि उत्तर एकच निघालं. म्हणजे ते खरंच असणार!"

गुरं नदीवर न्यायची असं ठरलं आणि मंडळी घरी गेली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, बांध फुटला.

आधी जमीन हादरल्यासारखा आवाज झाला. पंतोजी ओसरीतून धावत बाहेर आले, तर खालच्या वस्तीवर तांबडं पाणी कोसळत होतं. माणसं शेतात गेली होती म्हणून वाचली. वस्तीत घरी होती ती पार्वता नावाची सून आणि तिचा आंधळा सासरा. पार्वताने त्याला खांद्यावर घेतलं, चिंचेच्या फांदीवर चढवलं आणि पाणी ओसरेपर्यंत खोडाला मिठी मारून उभी राहिली. अकरा घरं गेली. तयार झालेला हरभरा गाळाखाली गाडला गेला.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं पाट्या घेऊन बसली. पहिलीतली तुळसा कोपऱ्यात मुसमुसत होती. पंतोजींनी तिला जवळ घेतलं. "घाबरू नकोस तुळसे. कुणालाच ठाऊक नव्हतं हे."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "बांधाच्या मागून गढूळ पाणी येत होतं."

पंतोजींचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला. "मग सांगितलं का नाहीस, बाळ?"

"सांगितलं की. आमच्या गटातल्या यशवंताला सांगितलं. मग तुम्हाला. तुम्ही बोरू तासत होता. तुम्ही म्हणालात, मोठ्यांना काम करू दे."

पंतोजींना ते आठवलं. ते तिथेच पायरीवर बसले. त्यांनी बाकीच्या तिन्ही गटांतल्या लहान मुलांना पुढे बोलावलं आणि एकेकाला विचारलं. एकाने बांधात खेकड्यांची बिळं पाहिली होती, हात जाईल एवढी. एकीला बांधाखाली भर कोरड्या दिवसांत हिरवंगार गवत दिसलं होतं. दुसरीतला एक मुलगा म्हणाला, "बांधावर उडी मारली की आतून पोकळ वाजायचं."

यातलं एक अक्षरही कागदावर नव्हतं.

"यशवंता," पंतोजींनी चौथीतल्या हुशार मुलाला विचारलं, "चारही कागद सारखे कसे आले रे?"

यशवंताने मान खाली घातली. "आम्ही चौथीतले चौघे पाराजवळ बसलो होतो, पंतोजी. वेगवेगळं लिहिलं तर तुम्ही म्हणाल कुणाचं तरी चुकलं. म्हणून एकच ठरवून लिहिलं."

ज्या गोष्टीने त्यांची छाती फुगली होती, ती पोरांनी त्यांच्याच धाकाने केली होती.

त्या दिवशी चावडीवर पाटील म्हणाले, "देवाची करणी. कुणाला कळणार होतं?"

पंतोजी गप्प बसले असते तर कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नसतं. क्षणभर त्यांना तसं वाटलंही. मग ते उठले. "पोरांना कळलं होतं, पाटील. ती सांगत होती. मी ऐकलं नाही. मी गट केले खरे, पण बोलायला दिलं फक्त मोठ्यांना."

कुणीतरी ओरडलं, "मग आमची घरं तुमच्यामुळे गेली!" पंतोजींनी हात जोडले.

गर्दीतून पार्वता पुढे आली. तिच्या हातांवर अजून झाडाचे ओरखडे होते. "तुमचं काय करायचं ते गाव नंतर बघेल," ती म्हणाली. "पण दरीत, त्याच्याही वर, दुसरं एक तळं आहे. त्याचाही बांध त्याच मातीचा आहे. तो कोण बघणार?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच सुचलं नव्हतं ते.

दुसऱ्या सकाळी तेच चार गट वरच्या तळ्यावर गेले. या खेपेला पंतोजींनी नियम घातला: सगळ्यात लहान मुलाने आधी बोलायचं, मोठ्याने ते जसंच्या तसं लिहायचं, आणि गटात मतं जुळली नाहीत तर तेही लिहायचं. दुपारी चार कागद आले. चारही वेगळे. एकात तर नुसतीच भांडणं होती.

पाटील वैतागले. "यातलं खरं कुठलं?"

"मला माहीत नाही," पंतोजी म्हणाले. "चला, कागदांत सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी जाऊन बघू."

पहिल्या ठिकाणी काही नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी जुनं मुंग्यांचं वारूळ निघालं. तिसऱ्या ठिकाणीही काही नाही. चौथ्या ठिकाणी, तुळसाने बोट दाखवलं तिथे, पार्वता वाकली आणि तिने बांधाच्या मातीत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. तिने तो बाहेर काढला तेव्हा त्यावरून गढूळ पाणी ठिबकत होतं.

मग पाटलांनी डोक्याचा पटका कमरेला बांधला आणि फावडं उचललं. अंधार पडायच्या आत गावाने सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, खोल खणून तळं निम्मं रिकामं केलं.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: लहानमोठ्यांना एकत्र बसवलं म्हणजे मिळून शोध झाला असं नाही. सगळ्यात लहानाने पाहिलेलं कागदावर येतं, तेव्हाच तो शोध सगळ्यांचा होतो.