वाघोबाचा सख्खा पुतण्या

जंगलात नुकत्याच फटफट्या आल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. वडाच्या चौकात बगळा हवालदार एका पायावर उभा राहून वाहतूक सांभाळत असे.

एकदा कोल्हा मागे दोन ससे बसवून सिग्नल तोडून सुसाट आला. रस्ता ओलांडणारी गोगलगाय थोडक्यात वाचली. बगळ्याने शिट्टी मारून त्याला अडवलं.

"लायसन्स दाखवा."

"मला ओळखलं नाहीस? वाघोबा माझे सख्खे काका!"

"असतील. सिग्नल तोडलात, वर ट्रिपल सीट. लायसन्स तीन महिने जमा. पटत नसेल तर घुबड न्यायाधीशांपुढे उभे राहा."

"थांब, काकांनाच बोलावतो. मग बस वाळवंटात मासे शोधत!" कोल्ह्याने फोन लावला.

तासभर वाट पाहून ससे गवत खाऊ लागले. शेवटी वाघोबा आले. पायी, धापा टाकत. आल्या आल्या त्यांनी बगळ्याला वाकून नमस्कार केला.

"काका, तुमची गाडी?"

"लायसन्स मुकाट्याने दे आणि चालू लाग," वाघोबा कोल्ह्याच्या कानात म्हणाले. "परवा याच चौकात मीही माझ्या काकांचं नाव सांगितलं होतं."