वैजयंतीबाईंना लागलेला शब्द

“पण हा शब्द मला लागू पडतोच कसा, बुवा?”

मठाची टेकडी चढून आलेल्या वैजयंतीबाई अजून नीट टेकल्याही नव्हत्या. हयातभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या, आणि आता पोटच्या पोरीनं, मृण्मयीनं, फोनवर सरळ सांगितलं होतं... “आई, तू फार बॉसी आहेस.” पाडव्यापासून पोरीचा स्वतःहून फोन नाही. बाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“बॉसी म्हणजे सदानकदा दुसऱ्याला हुकूम सोडणारी. अर्थ मला येतो. पण मी कुणाला हुकूम सोडते? मी आपले चार शब्द भल्याचे सांगते.”

“हं,” म्हणून भानुबुवा चुलीकडे वळले. वर चढून येणाऱ्याला स्वतःच्या हातचा चहा द्यायचा, ही त्यांच्या मठाची रीत.

“आलं ठेचून घ्या, बुवा. किसायचं नसतं.”

बुवांनी किसणी ठेवली, बत्ता घेतला.

“साखर एवढी? तुमच्या वयाला?”

बुवांनी साखर परत डब्यात ओतली.

“आणि त्या धुरात बसू नका. इकडे या.”

बुवा तिकडे सरकले. चहा झाला, कपात आला. बुवा कप हातात धरून नुसते बसून राहिले.

“घ्या की.”

बुवांनी घोट घेतला. जीभ चांगलीच पोळली, डोळ्यांत पाणी आलं.

“अहो, फुंकून प्यायचा.”

बुवा फुंकू लागले. फुंकतच राहिले... चहा पार निवला तरी फुंकताहेत आपले.

“पुरे!”

थांबले.

एवढा वेळ बाईंना यात काही वावगं वाटलं नव्हतं, बरं का. आता मात्र त्या वैतागल्या. “मी केवढ्या आशेनं आलेय. काहीतरी बोला ना.”

“काय बोलू, बाई?”

“ते मी कसं सांगणार? तुमच्या मनात जे असेल ते...”

वाक्य तिथंच अडकलं.

बुवांच्या हातातल्या निवलेल्या कपाकडे बघत त्या म्हणाल्या, “मृण्मयी अशीच वागायची. हो आई. बरं आई... आणि मी गावभर सांगत फिरायचे, पोर किती गुणाची म्हणून.”

त्यांना रडू आवरेना. बुवांनी चटईवर पडलेला त्यांचा फोन बोटानं त्यांच्याकडे सरकवला.

बाईंनी मृण्मयीला फोन लावला. पलीकडून आवाज आला, “बोल आई. काय करायचंय?”

“काही नाही गं. तू बोल... मी ऐकतेय.”

बाईंच्या जिभेवर काय काय आलं... जेवलीस का, केसांना तेल लाव, दाराची कडी घाल. त्यांनी पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला. बुवा डोळे मिटून बसले होते.

“आई...” पोरीचा आवाज कापत होता. “मी बँकेतली नोकरी सोडली. पाळणाघर काढतेय. अजून कुणालाच सांगितलं नाहीये. तुलाच पहिल्यांदा सांगतेय.”

आनंद झालाय की धसका बसलाय, बाईंचं बाईंनाच कळेना. पोर आपणहून बोलली होती, एवढं खरं. फोनवर तळहात दाबून त्या पुटपुटल्या, “बुवा, आता काय सांगू हिला?”

“तिनं विचारलंय का?”