पाठीवरचा ठिपका

एकदा एक वृद्ध चितारी होता. पत्ते रंगविणे हा त्याचा पिढीजात धंदा. हल्ली दुकानात मिळतात तसले चौकोनी, गुळगुळीत पत्ते डोळ्यांपुढे आणू नका. हे पत्ते गोल असत, तळहातात मावणारे. चिंचोक्याच्या खळीने कापडावर कापड चिकटवून कडक केलेले आणि वरून लाखेचा हात दिलेले. तोंडावर चित्र, पाठ मात्र नुसती लाल. नवा डाव, म्हणजे पत्त्यांचा पुरा जोड, तयार झाला की म्हातारा सगळी पाने पालथी मांडायचा आणि आधी पाठी तपासायचा. "तोंडं काय, गिऱ्हाईकसुद्धा बघतं," असे तो म्हणे. लोक त्याला हसत. तुम्हीही हसा हवे तर, पण त्याची ही सवय लक्षात ठेवा.

त्याच्या हाताखाली सुगंधा नावाची एक शिष्या होती. हात उत्तम, स्वभाव मऊ. या दोन गोष्टी एकत्र आल्या की गुरूला जरा सावध राहावे लागते.

एके दिवशी गावातला सुपारीचा मोठा व्यापारी दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "आबा, मला पऱ्यांचा डाव करून हवा. खेळायला नको. शकुन बघायला हवा."

हल्ली शहरांत टॅरो म्हणून जी पाने उघडून माणसाला त्याच्या मनातले सांगतात, तसलेच काहीसे त्याला हवे होते. कारण विचारल्यावर तो भारदस्त माणूस उंबऱ्यावरच खाली बसला आणि सांगू लागला. त्याची मुलगी मालन बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल जगले नाही. तेव्हापासून ती मागच्या दाराच्या पायरीवर बसून असे. जेवणाचे नाव नाही, कुणाशी शब्द नाही. लहानपणी तिला पऱ्यांच्या गोष्टींचे वेड होते, म्हणून बापाने एक युक्ती काढली. तिला म्हणाला, पऱ्यांचा डाव आणतो, तू एकच पान उचल. चांगले आले तर उठायचे, दोन घास खायचे. मालन कितीतरी दिवसांनी बोलली. "बरं. पण वाईट आलं तर मला पुन्हा कुणी ऊठ म्हणायचं नाही. कधीच नाही."

"आता सांगा आबा," व्यापारी म्हणाला, "वाईट पान घालूच नका ना त्यात. सगळ्या हसऱ्या पऱ्या काढा. काय बिघडतं?"

"डाव अपुरा होतो, शेट. अपुरा डाव मी करत नाही," म्हातारा म्हणाला आणि खळ ढवळू लागला. विषय संपला.

व्यापाऱ्यासाठी तो संपला नव्हता. जाता जाता त्याने अंगणात सुगंधेला गाठले. "पोरी, तुझ्या पाया पडतो. जे पान वाईट असेल त्याच्या पाठीवर कुठंतरी बारीक खूण कर. मी ते आधीच बाजूला काढीन. कुणाला कळायचंसुद्धा नाही." वडिलांच्या वयाचा माणूस खरोखरच वाकू लागला, तेव्हा सुगंधा घाबरून "बरं, बरं" म्हणाली.

मग डावाचे काम सुरू झाले. सुगंधेने जीव ओतला. प्रत्येक परीला तिने काही अर्थ दिला. काजव्यांची परी: हातात इवलासा उजेड, पुढचे एक पाऊल दिसेल एवढाच. उंबऱ्यावरची परी: एक पाय आत, एक बाहेर, चेहऱ्यावर जायची घाई आणि राहायची ओढ. शिंपल्यातली परी, जिला अजून बाहेर यायचे नाही आणि कुणी ओढून काढू नये. म्हातारा येता-जाता बघे आणि "हं" म्हणे. त्याच्या "हं"मध्ये पुष्कळ काही असे.

शेवटी आली आटलेल्या विहिरीची परी. तिचे पंख मोडलेले, केस सुटलेले, अंग काळवंडून गेलेले. बघणाऱ्याकडे पाठ फिरवून ती खोल कोरड्या विहिरीत डोकावत होती. सुगंधेला ते पान रंगवतानाच कसेसे झाले. तिने ते भराभर उरकले आणि पाठीवर, अगदी कडेला, तिळाएवढा काळा ठिपका दिला.

डाव वाळला. म्हाताऱ्याने नेहमीप्रमाणे पाने पालथी मांडली आणि एकेक पाठ डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागला. ठिपक्याचे पान हातात येताच तो थांबला. ते उलटे करून त्याने परी पाहिली, पुन्हा पाठ पाहिली. आता बोलणी बसणार म्हणून सुगंधा मान खाली घालून उभी राहिली.

म्हाताऱ्याने बारीक कुंचला घेतला, काळ्या रंगात बुडवला आणि शेजारच्या पानाच्या पाठीवर, अगदी त्याच जागी, तसाच ठिपका दिला. मग त्याच्या शेजारच्या पानावर. मग पुढच्या. दुपार कलंडेपर्यंत तो ठिपके देत बसला होता. साऱ्या डावाची पाठ एकसारखी झाली तेव्हा त्याने कुंचला धुतला.

"आबा, माझं चुकलं," सुगंधेला रडू फुटले. "पण मालनच्या हाती ते पान गेलं तर काय होईल, माहीत आहे ना? ती पायरीवरून उठणारच नाही. तुम्ही ठिपका पुसायचा तरी, नाहीतर राहू तरी द्यायचा. हे काय केलंत?"

"ठिपका कुणी करायला सांगितला ते मला सांगू नकोस," म्हातारा म्हणाला. "उगाच शेटचा राग यायचा, आणि ते गिऱ्हाईक चांगलं आहे."

मग त्याने विहिरीच्या परीचे पान तिच्या पुढ्यात ठेवले. "तुला दया आली, ते बरंच झालं. दया नसलेल्या हाताला मी कुंचला देत नाही. पण ती दया तू काढलीस कुठं? पाठीवर! अगं, तोंडावर काढायची. हे पान तुला स्वतःलाच बघवलं नाही म्हणून तू ते उरकलंस. जे तुला बघवत नाही ते दुसऱ्याच्या हाती कसं द्यायचं? मग ते लपवणंच आलं. दुःखाचं पान डावात असतंच, पोरी. ते कुणाच्या हाती जाईल हे आपल्या हातात नाही. पण ज्याच्या हाती जाईल त्याला ते धरता यावं, एवढं काम आपलं. खरवड ते, आणि परत काढ."

सुगंधेने रंग खरवडला. काढले, पुसले, परत काढले. या वेळी तिला घाई नव्हती. विहीर तिने आटलेलीच ठेवली. तिथे लबाडी करून चालणार नव्हते. म्हातारा मागे येऊन उभा राहिला, बराच वेळ पाहत राहिला आणि "हं" म्हणाला. त्या "हं"ने तिचे डोळे भरून आले.

डाव घेऊन दोघे व्यापाऱ्याच्या घरी गेले. मालन मागच्या पायरीवर बसली होती. व्यापाऱ्याने पाने हातात घेतली, पिसण्याच्या निमित्ताने पाठी चाळल्या आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. जिकडे बघावे तिकडे ठिपका! त्याने सुगंधेकडे पाहिले. सुगंधेने म्हाताऱ्याकडे पाहिले. म्हातारा छपराकडे पाहत होता.

"बाबा, इकडे द्या," मालन म्हणाली. तिने बापाची नजर कुठे फिरते ते टिपले होते. लहानपणी पत्ते खेळताना हा बाप तिला मुद्दाम जिंकू देई, आणि तिला ते दर वेळी कळत असे. तिने एक पाठ निरखली. "खूण आहे की नाही? असणारच म्हणा. सगळे माझ्याशी गोडच बोलतात." मग दुसरे पान पाहिले, तिसरे पाहिले, सगळा डाव पायरीवर पसरला. ठिपका प्रत्येकावर होता. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. या डावात कुणी हात घातलेला नाही, एवढे तिला पटले आणि तिने एक पान उचलले.

आटलेल्या विहिरीची परी.

व्यापाऱ्याच्या तोंडून "अरे देवा" एवढेच निघाले. तो भिंतीला धरून उभा राहिला.

मालन पान पाहत होती. विहीर कोरडी होती. काठावर परी बसली होती, पंख मिटून. रिकामी घागर तिने पायांशी उपडी घालून ठेवली होती. केस बांधलेले, डोळे कोरडे, चेहरा दमलेला. आणि ती काठावर मधोमध बसली नव्हती. एका बाजूला सरकली होती. शेजारचा दगड रिकामा होता आणि त्यावर तिने तळहात टेकला होता, कुणाला तरी बसायला सांगावे तसा.

"हिने जागा ठेवलीय," मालन म्हणाली.

मग ती पायरीवर जराशी सरकली आणि बापाकडे न पाहताच म्हणाली, "बाबा, उभे का? बसा इथं."

तो एवढा मोठा माणूस मुलीशेजारी बसला आणि लहान पोरासारखा रडला. मूल गेल्या दिवसापासून तो तिला ऊठ, ऊठ म्हणत आला होता. तिच्याजवळ बसायचे त्याला सुचलेच नव्हते. त्या दिवशी तिला कुणीही ऊठ म्हटले नाही. पान चांगले की वाईट, हेही कुणी विचारले नाही. दिवेलागणीला तिने आपणहून वाटीभर पेज मागितली.

पान मात्र तिने डावात परत ठेवले नाही. "हे माझ्याजवळ राहू दे," म्हणाली.

वाटेत सुगंधा म्हणाली, "आबा, आता डाव अपुरा झाला की."

"मग?" म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधेने कोरे पान पुढ्यात घेतले. आधी ते पालथे घातले, लाल पाठीच्या कडेला, सगळ्यांच्या होता तिथेच, तिळाएवढा काळा ठिपका दिला आणि तो वाळेपर्यंत थांबली. मग तिने पान सुलटे केले आणि विहिरीचा काठ काढायला घेतला.