उचकीची लाखोली

केळशेतचा राजवाडा हरवला होता. म्हणजे होता जागच्या जागी, पण दिसत नव्हता. रत्नशेखर महाराजांनी वाड्याभोवती हौसेनं लावलेली तगर इतकी माजली होती, की शेजारच्या राज्याचा दूत तीन प्रदक्षिणा घालूनही दार सापडेना म्हणून परत गेला. प्रधानजी खिडकीतून ये-जा करत. महाराजांच्या शयनगृहात तर सकाळ पोचतच नसे. ते दुपारी जेवायलाच उठत, आणि एवढ्या पहाटे का उठवलंत म्हणून सगळ्यांवर डाफरत.

शेवटी त्यांनी तुळाजी माळ्याला बोलावलं.

"पौर्णिमेच्या आत सगळ्या खिडक्या मोकळ्या कर. पण ज्या फांदीवर फूल किंवा कळी असेल, तिला कात्री लागता कामा नये. लागली, तर बागेतलं खोपट सोडून चालू लागायचं!"

तगर पडली बारमाही. फुलाकळीवाचून एक फांदी सापडेल तर शपथ. तुळाजी दोन दिवस कात्री घेऊन झुडपांभोवती फिरला आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं भांडी बांधू लागला. ते बघून त्याची लेक ठकू हातातलं काम टाकून उठली. ती त्याच खोपटात जन्मली होती. खरं तर महाराजांचं डोकंच आधी छाटून नीट करायला हवं, असं तिचं प्रामाणिक मत होतं. पण ते पोटात ठेवून ती तडक आईसाहेबांकडे, म्हणजे महाराजांच्या मातोश्रींकडे गेली.

तिनं नम्रपणे एवढंच विचारलं, की गेल्या साली महाराजांना नऊ दिवस उचकी लागली होती, तेव्हा बोललेली लाखोली वाहून झाली का? आईसाहेबांनी कपाळावर हात मारला. उचकी थांबली तर महादेवाला एक लाख पांढरी फुलं वाहीन, असा नवस त्या बोलल्या होत्या, आणि उचकी थांबताच साफ विसरल्या होत्या. ठकूनं सुचवलं, की उद्या सोमवार आहे, फुलं दारातच आहेत, खुडायला गावातल्या बायका आनंदानं येतील. फुलं देवाला जावीत आणि कळ्या त्यांना वेण्या करायला मिळाव्यात, म्हणजे झालं. आईसाहेबांनी लगेच हुकूम सोडला.

सोमवारी उजाडायच्या आत शंभर बायका टोपल्या घेऊन हजर झाल्या. बायका पुढं खुडत चालल्या आणि तुळाजी भाऊबंदांना घेऊन मागून छाटत चालला. झुडपात एक पहारेकरीही सापडला. तो परवापासून वाट शोधत होता. महाराजांना कशाचाच पत्ता नव्हता, कारण त्यांच्यापुरतं अजून उजाडलंच नव्हतं. दुपारच्या सुमारास शेवटची खिडकी मोकळी झाली आणि ऊन थेट त्यांच्या नाकावर पडलं.

"आग! आग!" करत महाराज धोतर सावरत बाहेर आले. बघतात तर तगर कमरेइतकी, आणि अंगणात फांद्यांचा ढीग! त्यांनी तिथल्या तिथे तुळाजीला खोपट रिकामं करायला फर्मावलं.

ठकू पुढं झाली. "महाराज, छाटलेल्या सगळ्या फांद्या या ढिगात आहेत. यात एक फूल किंवा एक कळी दाखवा, आम्ही आत्ता निघतो."

महाराज स्वतः ढिगात शिरले. पाठोपाठ प्रधानजीही ओणवे झाले. दोघांनी घामाघूम होऊन पानन् पान उलटलं. हाती लागली ती फक्त प्रधानजींची गेल्या महिन्यात हरवलेली पगडी.

"फुलं आधीच खुडलीस तू!" महाराज गरजले.

"आपल्याच उचकीच्या नवसाची होती, महाराज. पिंडीवर वाहिली. परत हवी असतील तर देवाकडून मागून आणते. मग उचकी..."

"माग परत! आत्ताच्या आत्ता... हिक्!"

महाराजांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

ठकू हात जोडून म्हणाली, "महादेवानं आठवण काढली वाटतं."

महाराजांनी हसू आवरून पाहिलं, पण ते उचकीसकट बाहेर पडलं. पोट धरून हसता हसता ते फांद्यांच्या ढिगातच बसले आणि तुळाजीला खोपटाच्या जागी कौलारू घर बक्षीस देऊन मोकळे झाले. भोवती तगरही लावून देतो म्हणाले. ठकूनं घर घेतलं, तगर मात्र हात जोडून परत केली.