गप्प उभी रांग

फार पूर्वी, तलवारीचाच शब्द चालायचा तेव्हा, एका माळावर बंदुकांच्या दोन रांगा उभ्या होत्या. समोरून घोडदळ आलं आणि पुढची रांग धडाडली.

“घुसा!” म्होरकी तांबडी घोडी खिंकाळली. “उडालेली बंदूक पुन्हा भरेपर्यंत नुसती काठीच!”

टापा जवळ आल्या. मागच्या रांगेतली नवी बंदूक उतावीळ झाली. “मावशी, उडू?”

“एकटी उडून काय दिवे लावणार आहेस?” शेजारची जुनी बंदूक म्हणाली. “पुढच्या बहिणी दारू ठासताहेत, तोवर त्यांची राखण आपली. घोडीचे डोळे दिसू देत, मग सगळ्या एकदम.”

डोळे दिसले. मागची रांग कडाडली. घोडी अख्ख्या दळासकट मागे वळली.

पुढे कुठल्याही लढाईत ती बंदुकीच्या आवाजाला बिचकली नाही. गप्प उभी रांग दिसली, की मात्र तिचे पाय अडत.