केरोबाची काळी मिशी

एका नदीकाठच्या गावात केरोबा नावाचा एक रंगारी होता. माणिकशेटच्या रंगशाळेत कापड रंगवायचे त्याचे काम. घरात बायको नव्हती, मूलबाळ नव्हते. चूल पेटवायची तीही एकट्यासाठी, आणि जेवताना बोलायचे तर भिंतीशी. पण सकाळी रंगशाळेचा दरवाजा उघडला, की केरोबा माणसांत यायचा.

तिथे त्याचा जोडीदार होता हैबती. रंगातून काढलेले ओले कापड पिळायला दोन माणसे लागतात. एकाने एक टोक धरायचे, दुसऱ्याने दुसरे, आणि उलट दिशांना पीळ द्यायचा. एकाने घाई केली की दुसऱ्याचे मनगट गेलेच. हे दोघे मिसरूड फुटल्यापासून एकाच कापडाची दोन टोके धरून उभे होते. कधी ओढायचे, कधी थांबायचे, हे त्यांना बोलावे लागत नसे. केरोबाचा जन्म पोळ्याचा, हैबतीचा त्याच सालच्या दिवाळीचा. एवढ्याशा फरकावर हैबती त्याला जन्मभर 'थोरल्या' म्हणून चिडवत आला होता.

एके वर्षी माणिकशेट मोठ्या बाजारपेठेला गेला. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या कारखान्यात त्याने पाहिले, तर सगळी पोरेच पोरे. दंड भरलेले, चाल झपझप. शेटच्या मनाने घेतले, की आपला धंदा मागे पडतो तो म्हाताऱ्यांपायी. वास्तविक त्या साली शेटनेच रंग हलका आणला होता, पण स्वतःकडे बोट कोण दाखवतो? परत येताच त्याने फर्मान सोडले, "उद्या मी दारात उभा राहणार. ज्याची मिशी पांढरी, त्याने नारळ घ्यावा आणि घरी बसावे."

नारळाबरोबर शाल होती, गोड शब्द होते. शेट मनाचा वाईट नव्हता. आपण म्हाताऱ्यांवर उपकारच करतो आहोत, असे त्याला खरोखर वाटत होते.

केरोबाला मात्र हा उपकार नको होता. भाकरतुकडा त्याला कुठेही मिळाला असता. भीती होती ती घरातल्या दिवसभराच्या शांततेची. डोईचे केस पागोट्याखाली झाकलेले होते, प्रश्न मिशीचाच होता. त्याने मेंदी कालवली, नीळ भिजवली, आणि ज्या हातांनी हजारो लुगडी रंगवली त्याच हातांनी स्वतःची मिशी रंगवली. मग घंगाळातल्या पाण्यात तोंड पाहिले. मिशी कुळकुळीत काळी झाली होती.

सकाळी शेट दारात उभा राहिला. तो आयुष्यभर कापडाकडे बघत आलेला. माणसांच्या तोंडाकडे त्याने कधी नीट पाहिलेच नव्हते. केरोबाची मिशी बघून तो म्हणाला, "जा आत." मागोमाग हैबती आला, नेहमीसारखा, पांढऱ्याशुभ्र मिशीला पीळ देत.

शेटने केरोबाला हाक मारली. "थांब रे. हा तुझा जोडीदार ना? मग तुम्ही दोघे एकाच वयाचे असाल."

केरोबाने मनाशी हिशेब केला. खरे सांगावे तर दोघेही बाहेर. तो म्हणाला, "न्हाई शेट. त्ये माझ्याहून लई मोठे. मला वडलांच्या जागी."

हैबतीने त्याच्याकडे पाहिले. एकदाच पाहिले. मग शेटला म्हणाला, "व्हय शेट. ह्याला म्या अंगाखांद्यावर खेळवलाय." त्याने नारळ घेतला, शाल खांद्यावर टाकली आणि उतार उतरून चालू लागला. मागे वळून पाहिले नाही.

केरोबाचे काम राहिले. परगावची नवी पोरे कामावर आली. पोरे चांगली होती, त्याला 'भाऊ' म्हणायची. पण त्यांच्यात बसून बोलायचे काय? मोठ्या पुराची आठवण काढावी, तर पोरे त्यावरून वय मोजतील. गुडघा धरला तरी हूं की चूं करायची सोय नव्हती. जुनी चार-दोन माणसे खरे काय ते जाणून होती. त्यांनी चुगली केली नाही, पण केरोबाच्या शेजारी भाकरी सोडणेही बंद केले. संध्याकाळी देवळाच्या पारावर गावातले म्हातारे गप्पा मारत बसत. त्यांच्यात जाऊन बसावे असे त्याला फार वाटे. पण कुणी शेटच्या कानावर घातले तर? तो लांबूनच हात जोडून घरी जाई. मुळाशी पांढरे डोकावू लागले की पुन्हा मेंदी, पुन्हा नीळ. ओठावरची कातडी सोलवटून निघाली होती.

एकदा आठवडी बाजारात हैबती समोर आला. शेटचा मुनीम बाजूलाच भाजी घेत होता. "अरे हैबत्या" हे ओठांवर आलेले केरोबाने गिळले आणि वाकून म्हणाला, "काय दादा, बरं हाय न्हवं?"

हैबती थबकला. "बरं हाय, बाळा," असे म्हणून तो पुढे निघून गेला.

त्या दिवशी केरोबा घरी येऊन रडला. त्यापेक्षा हैबतीने चारचौघांत शिवी दिली असती तर बरे झाले असते, असे त्याला वाटले.

असे वर्ष सरले. एका दुपारी शेटने केरोबाला आतल्या खोलीत बोलावले आणि दार लोटून घेतले. शेटची स्वतःची मिशी पांढरी पडू लागली होती.

"तुझी मिशी निळीची आहे," शेट म्हणाला. "उन्हात निळी झाक मारते. मला रंग कळतो. मी बोललो नाही इतकेच."

केरोबाने चटकन मिशीवर हात धरला.

"घाबरू नकोस. माझे मुलगे म्हणताहेत, बाबा, आता तुम्ही घरी बसा, कारभार आम्ही बघतो. नारळसुद्धा आणून ठेवलाय त्यांनी. नियम माझाच, मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? तू माझी मिशी रंगव. गोष्ट आपल्या दोघांतच राहू दे. तुला मुकादम करतो."

केरोबाने रंग कालवला. त्याची मरेपर्यंतची काळजी मिटत होती. उजवी बाजू त्याने रंगवून काढली, आणि डावीकडे वळताना त्याचा हात थांबला. घंगाळातल्या पाण्यात त्या दिवशी आपल्या डोळ्यांत जी भीती दिसली होती, तीच त्याला शेटच्या डोळ्यांत दिसत होती. त्याला शेटची फार दया आली.

"शेट, सांगाल तर दुसरी बाजूबी आत्ता रंगवतो," तो म्हणाला. "पर आधी ऐका. उद्यापास्नं तुम्हाला तुमच्या जोडीच्या माणसांत बसता यायचं न्हाई. जुनी आठवण सांगाया तोंड उघडलं, तर मधीच मिटावं लागंल. ह्या मिशीपायी मी माझ्या जोडीदाराला बाप म्हणालो आन् घालवून बसलो. दिसभर काम करतो, पर माणसांत न्हाई मी. मला मुकादमी नको. उद्या मलाबी नारळ द्या."

शेटने हातातला आरसा उपडा ठेवला आणि हातानेच 'जा' अशी खूण केली.

केरोबा निघाला तो थेट न्हाव्याकडे गेला. निळीचा रंग धुऊन जात नाही, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक? त्याने मिशी सफाचट काढून टाकली. त्या गावात मिशी उतरवत ती घरातले वडीलधारे माणूस गेले तरच. रस्त्याने भेटेल तो हळहळून विचारू लागला, "कोण गेलं, केरोबा?" केरोबा मान खाली घालून चालत राहिला आणि हैबतीच्या दारात जाऊन उभा राहिला.

हैबती ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसला होता. धरायला कुणी नव्हते म्हणून दुसरे टोक त्याने खांबाला बांधले होते. केरोबाचा उघडा ओठ पाहून त्याचे हात थांबले.

"कोण गेलं रं?"

"एक धाकटा व्हता," केरोबा म्हणाला. "तुला बाप म्हणायचा. त्यो गेला." आणि पोरासारखा हुंदके देऊ लागला.

हैबतीने पुन्हा दोराला पीळ दिला. वर्षभर साठलेला राग होता, तो काही एका वाक्याने निवत नाही. अखेर तो उठला, खांबाचे टोक सोडले आणि केरोबाच्या हातात दिले.

"धर, थोरल्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघे मिळून रंगशाळेच्या दारात गेले. शेट तिथे उभा होता आणि लोक त्याच्याकडे चपापून पाहत होते. शेटच्याही ओठावर मिशी नव्हती.

केरोबा सगळ्यांसमोर म्हणाला, "शेट, त्या दिवशी मी खोटं बोललो. आमच्यात मोठा मी हाय."

"आजपासून इथे कुणाचे वय विचारायचे नाही," शेट म्हणाला, आणि हैबतीकडे वळला. "हात चालतो का, तेवढे सांगा."

"चालतो शेट," हैबती म्हणाला. "पर दुसऱ्या टोकाला हा पायजेल."

मुलांनी आणलेला नारळ शेटने तिथेच उंबऱ्यावर फोडला आणि खोबरे सगळ्यांना वाटले. घरी बसवलेल्या इतर म्हाताऱ्यांकडेही त्याने निरोप धाडले. सगळेच परत आले नाहीत. कुणी लेकीच्या गावी निघून गेले होते, कुणी घरात बसून बसून वारले होते. त्यांची आठवण निघाली की शेट उठून आत जाई.

त्या सकाळी पहिले ओले कापड बाहेर आले तेव्हा हैबतीने एक टोक धरले, केरोबाने दुसरे. दोघे एकमेकांशी काही बोलले नाहीत, आणि बोलावे लागलेही नाही.

तात्पर्य: माणसाची पारख कामावरून करावी, वयावरून नाही. आणि आपली जागा राखण्यासाठी सोबत्याला परके करू नये. अशाने जागा राहते, पण माणूस एकटा पडतो.