वाटीचं भोक

घड्याळं जन्माला यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, मुलांनो. मोठ्यांनीही कान द्यायला हरकत नाही.

एका राजवाड्यात धोंडभट नावाचे म्हातारे गृहस्थ वेळ मोजत. त्यांच्याकडे तांब्याची एक वाटी होती, बुडाला बारीकसं भोक असलेली. ती पाण्यावर सोडायची. पाणी शिरून वाटी बुडाली, की एक घटका झाली. लगेच टोल द्यायचा. चाळीस वर्षं त्यांचा टोल कधी चुकला नव्हता.

मग राजपुत्राचं लग्न ठरलं. मुहूर्त साधायचा म्हणून वाटीची रोज पूजा सुरू झाली. आणि काय सांगावं, टोल चुकायलाच लागले! सूर्य माथ्यावरून कलला, तरी दुपारचा टोल पडेना.

दरबारात गलका उडाला. राजज्योतिषी म्हणाले, "सूर्याची गती वाढली. वाटीला दुप्पट हळदकुंकू वाहा." तसं केलं, तर आणखी उशीर! सेनापती ओरडले, "धोंडभट शत्रूला फितूर झालेत. त्यांना मुहूर्त चुकवायचाय."

राजा म्हणाला, "धोंडभट, उद्या दुपारचा टोल चुकला, तर राज्य सोडून जा."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत धोंडभट वाटी घेऊन विहिरीवर आले. या वयात जायचं कुठं? त्यांना रडूच फुटलं. तिथं येसू राजवाड्यातली भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकलं आणि वाटी हातात घेतली.

"अगं, पूजेची आहे ती!"

"असू दे की, भटजीबाबा. हे बघा, हळदकुंकवानं भोक बुजलंय. पाणी शिरायचं कुठनं?"

तिनं खराट्याचा हीर भोकात फिरवला, चिंच लावून वाटी लख्ख घासली. धोंडभट बघतच राहिले. एवढे शास्त्री जमले होते, पण वाटी उलटी करून पाहिली ती या बाईनं!

दुपारी सगळे अंगणातल्या खांबापाशी जमले. खांबाची सावली अगदी आखूड झाली, आणि त्याच क्षणी टोल पडला. टण्ण!

"सूर्य ताळ्यावर आला," राजज्योतिषी पुटपुटले.

"तो कुठं गेला होता?" येसू म्हणाली.

धोंडभटांनी भरल्या डोळ्यांनी सारी हकीकत सांगितली. राजा खाली मान घालून म्हणाला, "धोंडभट, चुकलं माझं." मग त्यानं येसूला मानाची साडी दिली आणि हुकूम काढला, "यापुढे दरबारात काही अडलं, तर आधी येसूबाईंना विचारा."

तात्पर्य: आभाळात कारण शोधण्याआधी हातातली वस्तू नीट पाहावी, बहुतेक वेळा साधं कारणच खरं असतं.